'मंजुळ' शब्दाचा अर्थ आणि उपयोग

(१)

जुन्या पोथ्यांचें संशोधन करणारास शब्दांच्या बाबतींत दोन प्रकारच्या अडचणी येतात. पहिली अपरिचित शब्दांची. अशा शब्दापाशीं वाचक थांबतो, कोश उघडतो, जाणत्यास विचारतो, आणि बहुधा उलगडा होतो. दुसरी अडचण याहून फसवी आहे. ती परिचित शब्दांची. जो शब्द आपण रोज बोलतों त्यापाशीं थांबण्याचें कारणच दिसत नाहीं. आपला आजचा अर्थ आपण नकळत जुन्या ग्रंथकाराच्या तोंडीं घालतों, आणि तो जुळेनासा झाला म्हणजे दोष नकलकाराच्या माथीं मारून पाठ 'शुद्ध' करूं लागतों. 'मंजुळ' हा शब्द या दुसऱ्या प्रकारांतला आहे.

आजच्या मराठींत मंजुळ म्हणजे कानांस गोड लागणारा, एवढें लहान मूलहि सांगेल. मंजुळ आवाज, मंजुळ बोल, मंजुळ नाद असें आपण म्हणतों. मंजुळ चेहरा किंवा मंजुळ रंग असें कोणी म्हणत नाहीं. परंतु हा शब्द जेथून आला तेथें तो एकट्या कानाचा नव्हता. डोळ्याचाहि होता, आणि कोशकाराच्या दृष्टीनें तर केवळ 'सुंदर' या अर्थाचा होता. हा शब्द मराठींत कानाचाच कां होऊन राहिला, आज त्याची नेमकी मर्यादा कोणती, आणि पाठ ठरवितांना त्याच्याशीं कसें वागावें, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों. विषय दिसण्यांत लहान आहे. पण एखाद्या ओवीचा पाठ राहणें किंवा जाणें त्यावर अवलंबून असतें, म्हणून तो येथें मांडण्यास संकोच वाटत नाहीं.

(२)

मूळ संस्कृत शब्द 'मंजुल', आणि त्याचा आंखूड सोबती 'मंजु'. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडांत हे दोन्ही शब्द सुंदर, रुचिर, चारु, शोभन, मनोरम, मनोज्ञ यांच्या पंक्तीस बसविले आहेत. म्हणजे अमरसिंहाच्या मतें जें जें मनास आवडेल तें तें मंजुल. नादाचे शब्द त्यानें पहिल्या कांडांतील नाट्यवर्गांत निराळे दिले आहेत. मधुर पण अस्फुट ध्वनि तो 'कल'. तोच सूक्ष्म असला म्हणजे 'काकली'. गंभीर ध्वनि तो 'मंद्र'. आणि फार उंच तो 'तार'. या यादींत मंजु नाहीं व मंजुलहि नाहीं. अमराची 'कल' शब्दाची व्याख्या मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

काव्यांतील प्रयोग पाहिले म्हणजे चित्र थोडें बदलतें. रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत अज राजपुत्रास पहाटे जागविणारे स्तुतिपाठक पिंजऱ्यांतल्या पोपटाचा उल्लेख करतात. तेथें कालिदासानें त्या पोपटास 'मंजुवाक्' म्हटलें आहे. छंदःशास्त्रांत तेरा अक्षरांच्या एका वृत्ताचें नांव 'मंजुभाषिणी' असें आहे. त्याचे गण स, ज, स, ज व शेवटीं एक गुरु. येथें मंजु हा शब्द वाणीशीं जोडलेला आहे. उलट बाराव्या शतकांतील जयदेवानें गीतगोविंदांत 'मंजुल' हें विशेषण लतांच्या कुंजास लावलें आहे. कुंज कांहीं बोलत नाहीं; तो रम्य असतो.

या दुहेरी उपयोगाचें उत्तम उदाहरण बौद्ध परंपरेंत सांपडतें. प्रज्ञेचा अधिष्ठाता जो बोधिसत्त्व, त्याचें प्रसिद्ध नांव 'मंजुश्री'. त्याचेंच दुसरें नांव 'मंजुघोष'. एका नांवांत मंजु हा शब्द श्रीचें म्हणजे शोभेचें विशेषण आहे, दुसऱ्यांत घोषाचें म्हणजे वाणीचें. वेरूळच्या बौद्ध लेण्यांत या बोधिसत्त्वाच्या मूर्ति आहेत, व कमळावर ठेविलेली पोथी ही त्याची ओळखण्याची खूण. त्या मूर्ति घडल्या त्या काळीं एकाच देवतेच्या रूपास आणि आवाजास एकच विशेषण लावण्यांत कोणास विसंगति वाटत नव्हती.

उत्तर हिंदुस्थानांत हा व्यापक अर्थ पुढेंहि टिकला. तुलसीदासांनीं संवत् १६३१ मध्यें, म्हणजे इ. स. १५७४ त, रामचरितमानसाची रचना आरंभिली. ग्रंथारंभींच्या संस्कृत श्लोकांत ते आपल्या भाषाप्रबंधास 'अतिमंजुल' म्हणतात. तेथें 'अति सुंदर' हाच अर्थ आहे, 'कानास गोड' एवढाच नव्हे. हिंदींत आजहि मंजुल म्हणजे सुंदर. मराठींत मात्र तो अर्थ व्यवहारांतून गेला. एकाच शब्दाच्या दोन भगिनीभाषांत अशा दोन वाटा कां झाल्या, हें पाहण्यापूर्वीं शब्दाच्या रूपाचा विचार करूं.

(३)

मंजुलचें मंजुळ झालें, म्हणजे ल चा ळ झाला. हा फरक कोणाच्या लहरीनें झालेला नाहीं. संस्कृतांतील दोन स्वरांमधला एकेरी ल मराठींत ळ होतो. प्राकृतांत जो ल्ल असा जोड होता तो मात्र एकेरी होऊन ल च राहतो. फलाचें फळ झालें, मूलाचें मूळ झालें. पण तैलाचें प्राकृतांत तेल्ल व मराठींत तेल झालें, पल्लवाचा पालव झाला. समयवाचक 'काळ' आणि गतदिनवाचक 'काल' ही जोडी या नियमाची साक्ष देण्यास पुरेशी आहे: पहिला संस्कृत 'काल' वरून आला, दुसरा 'कल्य' वरून 'कल्ल' होऊन आला.

नादवाचक शब्दांतहि हे दोन्ही प्रवाह दिसतात. रसाळ, मवाळ, मधाळ यांतील आळ प्रत्ययांत मूळचा एकेरी ल आहे, म्हणून तेथें ळ आला. सुरेल, रंगेल यांतील एल प्रत्यय हा आंतील, वरील यांतल्या ईल प्रमाणें प्राकृत इल्ल च्या कुळांतला आहे, म्हणून तेथें ल राहिला. 'सुरेळ' असें कोणी म्हणत नाहीं आणि 'मंजुल' असें बोलण्यांत येत नाहीं, याचें कारण हें आहे.

तथापि मंजुळ हा शब्द फळ, मूळ यांच्याप्रमाणें लोकांच्या तोंडून पिढ्यानपिढ्या घासत आलेला नसावा, असें आमचें मत आहे. त्यास दोन कारणें. एक असें कीं, संस्कृतांतील अनुस्वारयुक्त पहिलें अक्षर अशा घासलेल्या शब्दांत सामान्यतः दीर्घ होतें: दंताचा दांत झाला, पंचाचे पांच झाले. मंजुलाचें 'मांजुळ' झालें नाहीं. दुसरें कारण उच्चाराचें. मराठींत ज चे दोन उच्चार आहेत. 'जग' म्हणजे दुनिया यांतला तालव्य, आणि 'जाळें' यांतला दंततालव्य. देशी वळणाच्या शब्दांत अ, आ, उ, ओ यांपूर्वीं दुसरा उच्चार येतो. मंजुळ मध्यें ज पुढें उ असूनहि आपण तो तालव्यच करतों. यावरून हा शब्द ग्रंथांतून, कीर्तनांतून व पुराणांतून मराठींत उतरला, आणि कमळ, निर्मळ, मंगळ यांच्याप्रमाणें उतरतांना ल चा ळ करून घेता झाला, असें दिसतें. तो ग्रंथांतून आला ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण ज्या ग्रंथांतून व ज्या प्रसंगांतून तो आला त्यांनींच त्याचा अर्थ ठरविला.

(४)

आतां अर्थाकडे वळूं. मराठींत सुखकर नादास लावावयाचीं विशेषणें पाहिलीं असतां एक चमत्कारिक गोष्ट दिसते. त्यांतील बहुतेक दुसऱ्या इंद्रियांकडून उसनीं घेतलेलीं आहेत. गोड हा शब्द गुळाच्या घरचा. मधुर व मधाळ हे मधाच्या घरचे. रसाळ हा रसाच्या घरचा. हीं सर्व जिभेचीं विशेषणें. मऊ हा मृदूपासून आलेला, मवाळ त्याचाच नातलग, कोमल व हळुवार हेहि त्यांच्याच पंक्तीचे. हीं त्वचेचीं विशेषणें. सुरेख म्हणजे ज्याची रेखा चांगली तें. हें डोळ्याचें, तरी 'सुरेख गायिलें' असें आपण म्हणतोंच. कानाचीं स्वतःचीं म्हणावीं अशीं विशेषणें सुरेल व सुस्वर एवढींच प्रमुख आहेत, आणि श्रवणीय, कर्णमधुर हे शब्द उघडच पंडिती आहेत.

याचें कारण भाषेच्या ठेवणींत सांपडतें. देखणें या क्रियापदापासून मराठीनें 'देखणा' असें विशेषण केलें. जिभेस चवदार व चविष्ट आहे, नाकास सुवासिक आहे. पण ऐकणें या क्रियापदापासून 'ऐकणा' असें विशेषण मराठीनें केलें नाहीं. कानाची ही जागा रिकामी होती, म्हणून कान सदैव शेजाऱ्यांच्या दारीं जात राहिला.

ही उसनवारी आमच्या जुन्या कवींस पुरती ठाऊक होती, एवढेंच नव्हे तर तिच्यांत त्यांना कौतुक वाटे. इ. स. १२९० त पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरींत, सहाव्या अध्यायाच्या आरंभीं, मराठी बोलांविषयीं इंद्रियांमध्यें लागलेल्या स्पर्धेचें वर्णन आहे. तेथें नादांत रंग दिसतात, गोडीच्या लोभानें कानांनाच जिभा फुटतात, आणि नाक, डोळे सारेच शब्दावर आपापला हक्क सांगतात. आपल्या बोलांची पैज ज्ञानेश्वरांनीं अमृताशीं लाविली. तीहि चवीचीच पैज. वामन पंडितांनीं कृष्णाच्या मुरलीवर जें काव्य केलें त्याचें नांव 'वेणुसुधा'. मुरलीचा नाद कानांनीं ऐकावयाचा, पण नांव मात्र प्यावयाच्या वस्तूचें.

(५)

कवींचें राहूं द्या. शास्त्रकारांची स्थितिहि निराळी नाहीं. तेराव्या शतकांत देवगिरीस यादव राजा सिंघण राज्य करीत असतां शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकर हा ग्रंथ लिहिला. त्याचे पूर्वज काश्मीरचे. आजा भास्कर हा दक्षिणेंत आला. शार्ङ्गदेव स्वतः श्रीकरणाचा, म्हणजे राज्याच्या हिशेबी दफ्तराचा, मुख्य अधिकारी होता. पुढें हेमाद्रीनें जें पद भूषविलें त्याच खात्याचा हा माणूस. हिशेबनिसाची काटेकोर बुद्धि त्यानें नादाकडेहि लाविली, आणि आवाजाचे गुण व दोष मोजून मांडले.

रत्नाकराच्या प्रकीर्णकाध्यायांत आवाजाचे पंधरा गुण सांगितले आहेत: मृष्ट, मधुर, चेहाल, त्रिस्थानक, सुखावह, प्रचुर, कोमल, गाढ, श्रावक, करुण, घन, स्निग्ध, श्लक्ष्ण, रक्तियुक्त आणि छविमान्. यांत मधुर हा जिभेचा शब्द आहे. कोमल, स्निग्ध, श्लक्ष्ण हे स्पर्शाचे. छविमान् हा उघड डोळ्याचा. श्लक्ष्णाचा अर्थ सांगतांना ग्रंथकार अखंड तेलाच्या धारेचा दाखला देतो. केवळ कानाचे म्हणावे असे त्रिस्थानक, म्हणजे मंद्र, मध्य व तार या तिन्ही स्थानीं सारखा राहणारा, आणि श्रावक, म्हणजे दूरवर ऐकूं जाणारा, असे थोडेच. या पंधरांत मंजुल नाहीं. त्याहून जुन्या नारदीय शिक्षेंत गाण्याचे दहा गुण दिले आहेत. त्यांतहि श्लक्ष्ण, सुकुमार, मधुर आहेत, मंजुल नाहीं. म्हणजे मंजुळ हा शब्द संगीतशास्त्राच्या परिभाषेंतून मराठींत आला नाहीं, हें निश्चित होतें. तो काव्यांतूनच आला.

रत्नाकरांतील दोन बारकावे जातां जातां सांगण्यासारखे आहेत. आवाजाच्या जातींपैकीं वातप्रकृतीच्या, पोकळ व कर्कश आवाजास शार्ङ्गदेव 'बोंबक' म्हणतो. मराठी वाचकास येथें 'बोंब' आठवल्यावाचून राहणार नाहीं. आणि आवाजाच्या आठ दोषांत त्यानें 'काकोली' हा एक दोष दिला आहे, म्हणजे कावळ्यांच्या थव्यासारखा निष्ठुर आवाज. अमराची 'काकली' गोड, शार्ङ्गदेवाची 'काकोली' कर्कश. मध्यें अंतर एका मात्रेचें व एका काण्याचें. पोथी उतरून घेतांना हात जरा चुकला कीं गुणाचा दोष व्हावयाचा.

(६)

मग डोळ्याचा व कानाचा असा सामाईक शब्द मराठींत एकट्या कानाचाच कां झाला? आमच्या मतें त्यास तीन कारणें एकत्र मिळालीं.

पहिलें असें कीं, संस्कृतांत वाणीशीं विशेष जोडला जाणारा जो 'मंजु' शब्द, तो मराठींत स्वतंत्र विशेषण म्हणून राहिला नाहीं, विशेषनामांपुरता उरला. त्याचें काम त्याच्या थोरल्या भावाकडे, मंजुळकडे, आलें.

दुसरें कारण 'कल' शब्दाचें. मधुर पण अस्फुट अशा ध्वनीस संस्कृतांत हा नेमका शब्द होता. परंतु मराठींत कल म्हणजे झुकाव. तराजूचा कल, मनाचा कल. त्यामुळें नादवाचक कल शब्दास मराठींत स्वतंत्रपणें राहावयास जागाच मिळाली नाहीं. कलरव, कलकंठ अशा समासांत तो कसाबसा टिकला. त्याचा अर्थ मात्र लोकांस हवाच होता. लहान मुलाचे बोबडे बोल, झऱ्याचा नाद, पांखरांचा आवाज हीं सारीं मधुर असून अस्फुटच असतात, आणि यांनाच आपण विशेषेंकरून मंजुळ म्हणतों. अमरानें कल शब्दाची जी व्याख्या केली ती आज मंजुळ शब्दास जशीच्या तशी लागू पडते. शब्द गेला, पण त्याचें घर दुसऱ्यानें संभाळलें.

तिसरें कारण प्रसंगांचें. हा शब्द ग्रंथांतून व कीर्तनांतून आला असें वर दाखविलें. कृष्णाची मुरली, त्याच्या पायांतील वाळे व घागऱ्या, गोपींचे पैंजण, हा आमच्या भक्तिकाव्याचा नित्याचा सरंजाम. श्रोत्यांच्या कानीं हा शब्द वारंवार पडला तो अशाच वर्णनांत. इकडे डोळ्याला सुंदर, सुरेख, देखणा, गोजिरा, साजिरा असे पुष्कळ शब्द होते. त्याला मंजुळची गरज नव्हती. जेथें गरज होती तेथें शब्द राहिला. सुरेख हा शब्दहि कानापर्यंत गेला, पण तो डोळ्याचें घर सोडून गेला नाहीं. मंजुळ मात्र गेला तो परत आला नाहीं.

(७)

आतां आजच्या उपयोगाची मर्यादा पाहूं. कोशांत मंजुळ, मधुर, गोड, सुरेल हे एकमेकांचे पर्याय म्हणून देण्याची रीत आहे, आणि त्यामुळें ते परस्परांच्या जागीं चालतात असा समज होतो. तो बरोबर नाहीं.

सुरेल म्हणजे सुरांत असलेला. येथें स्वराची अचूकता ही अट आहे, गोडवा ही नव्हे. हा भेद आजचा नव्हे. पाणिनीय शिक्षेंत पाठकाचे जे सहा गुण सांगितले आहेत त्यांत माधुर्य एक आणि सुस्वर दुसरा, असे ते वेगवेगळे मोजले आहेत. पंडित भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांचा भरदार आवाज सुरेल होता याविषयीं दुमत नाहीं. पण त्यास मंजुळ म्हणणारा रसिक आढळणार नाहीं. उलट बोबडें बोलणाऱ्या मुलाच्या आवाजांत स्वर असा नसतोच, तरी तो मंजुळ असतो. गायनशिक्षकाच्या दृष्टीनें एखादा गळा मंजुळ असून बेसूर असूं शकतो. दोन्ही वाक्यें मराठींत निर्वेध चालतात. यावरून दोन अर्थ भिन्न आहेत हें सिद्ध होतें.

मंजुळ नादास आमच्या समजुतीप्रमाणें चार लक्षणें असतात. तो लहान असतो, बारीक असतो, जवळचा असतो, आणि थोडा अस्फुट असतो. घुंगरूं, पैंजण, देवघरांतील लहान घंटा, पावा, झरा, पांखरू यांचा नाद मंजुळ. देवळांतील मोठ्या घंटेचा नाद गंभीर. नगारा, चौघडा, तुतारी, शिंग यांचा नाद कितीहि आवडला तरी मंजुळ नव्हे. गोड हा शब्द या सर्वांहून सैल आहे व कोठेंहि चालतो. मधुर हा त्याचा सुशिक्षित भाऊ.

कोमल शब्दाविषयीं विशेष सावधगिरी बाळगावी. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं मांडलेल्या व आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतींत कोमल हें ऋषभ, गांधार, धैवत व निषाद या स्वरांच्या उतरलेल्या रूपाचें नांव आहे. गवई 'कोमल गांधार' म्हणतो तेव्हां तो स्वराचें स्थान सांगतो, मऊपणा नव्हे. संगीतावर लिहिणारानें 'कोमल स्वरांत गायिलें' असें मोघम लिहूं नये.

ज्यांचा व्यवसायच नादाचा, ते तर याहून निराळी भाषा बोलतात. अब्दुल करीम खां (१८७२–१९३७) यांच्यासारखे सुरेल गवई जेथें राहिले त्या मिरजेंत तंबोरे करणाऱ्या कारागिरांचीं घराणीं आहेत. तार व घोडी यांमध्यें सुताचा धागा सरकवून ते जवारी लावतात, आणि आवाज 'खुला' आहे, 'बंद' आहे कीं 'गोल' आहे, असें बोलतात. येथेंहि शब्द उसनेच; खुला व बंद हे दाराचे, गोल हा आकाराचा. मंजुळ हा शब्द कारागिराचा नाहीं, कवीचा व घरांतल्या माणसांचा आहे.

उपरोधानेंहि हा शब्द वापरतात. भसाड्या आवाजाच्या माणसानें तान मारली म्हणजे 'काय मंजुळ आवाज!' असें म्हणतात. पण कुरूप वस्तु पाहून 'काय मंजुळ!' असें कोणी म्हणत नाहीं. उपरोध हा अर्थाच्या सीमेचा चांगला साक्षीदार असतो. शब्द जेथें मूळचा चालतो तेथेंच तो उलटा चालतो.

(८)

यांत आणखी एक गुंता आहे. तुळशीच्या तुऱ्यांस मराठींत 'मंजुळा' म्हणतात, मंजिरी असेंहि म्हणतात. पंढरीच्या विठोबास तुळशीमंजुळा वाहण्याचा प्रघात सर्वांस ठाऊक आहे. हें नाम आहे, विशेषण नव्हे, आणि त्याचा संबंध संस्कृत 'मंजरी' शब्दाशीं आहे. मंजुलाशीं त्याचें साम्य केवळ आवाजाचें. जुन्या पोथींत शब्द तोडून लिहिलेले नसतात. त्यामुळें तुळशीच्या शेजारीं मंजुळा आली असतां तिला तुळशीचें विशेषण समजून 'सुंदर तुळस' असा अर्थ करण्याचा मोह होतो. तेथें तुळस व तिचे तुरे असा अर्थ घ्यावयाचा असतो. मंजुळा हें स्त्रियांचें नांव तर दोन्ही वाटांनीं येऊं शकतें. तें ठेवणारानें तुळस मनांत आणली कीं गोड आवाज, हें नांवावरून सांगतां येणार नाहीं.

(९)

वरील विवेचनावरून संपादकांसाठीं कांहीं नियम निघतात ते असे.

जुन्या काव्यांत मंजुळ हें विशेषण मूर्ति, मुख, वन किंवा वस्त्र यांस लाविलेलें दिसलें तर तो पाठ चुकीचा समजूं नये. मंगळ, कोमळ, निर्मळ असे सोईचे शब्द त्या जागीं घालण्याची घाई करूं नये. कवीला संस्कृत अर्थ ठाऊक होता आणि तो वापरण्याचा त्याला अधिकार होता.

अशा व्यापक अर्थाच्या प्रयोगावरून ग्रंथ जुना ठरवूं नये. पंडित कवि कोणत्याहि काळीं संस्कृताकडून अर्थ घेऊं शकतो. उलट, केवळ नादास लाविलेला मंजुळ दिसला म्हणून ग्रंथ अर्वाचीनहि ठरत नाहीं. वाणीशीं या शब्दकुळाचा संबंध कालिदासाइतका जुना आहे.

हिंदी ग्रंथांचें भाषांतर करतांना तेथील मंजुल शब्दास मराठी मंजुळ हा प्रतिशब्द देऊं नये. रूप एक असलें तरी अर्थ एक नाहीं. तेथें सुंदर, रम्य असेंच म्हणावें.

शेवटीं एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. नादवाचक शब्दाचा अर्थ कोशांत पूर्ण लिहितां येत नाहीं. तो कानांत असतो. घरघर हा शब्द ज्यानें जातें ऐकलें त्याला कळतो. कुरकुर हा ज्यानें मोटेचें चाक ऐकलें त्याला. विहिरींवर विजेचे पंप आले, मोट गेली. दळण गिरणीत गेलें, जातें कोपऱ्यांत पडलें. बैलगाडीबरोबर रात्रीच्या वाटेवरची घुंगुरमाळहि विरळ झाली. ज्या नादांस आमच्या आज्या मंजुळ म्हणत, त्यांतले निम्मे आज ऐकावयास मिळत नाहींत. शब्द उरला आहे, पण त्याखालचा नाद सरला कीं शब्दहि पोकळ होतो, आणि मग पुढचा संपादक तो वाचील पण ऐकूं शकणार नाहीं.

म्हणून आमची वाचकांस विनंति अशी कीं, आपल्या गांवीं वडील माणसें कोणकोणत्या नादास मंजुळ म्हणत आणि कोणत्यास म्हणत नसत, हें विचारून टिपून ठेवावें. घाटावर व कोंकणांत, वऱ्हाडांत व मराठवाड्यांत या यादींत फरक पडेल, आणि तो फरकच उपयोगी आहे. शिलालेख व ताम्रपट जमिनींत राहतात, ते आणखी शंभर वर्षांनींहि सांपडतील. हें साधन माणसांच्या कानांत आहे; तें तितके दिवस थांबणारें नाहीं.